लाच, हप्ता आणि हातकडी: गरीब माणूस गुन्ह्यात कसा ढकलला जातो आणि कुठे थांबवता येतं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ही प्रश्नोत्तरं महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी आहेत. कलमं १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या कायद्यांप्रमाणे दिली आहेत. प्रत्यक्ष प्रकरणात वकिलाला विचाराच. तो फुकट कसा मिळतो, तेही पुढे आहे.

गरीब माणसं जास्त गुन्हे करतात, असं म्हणायचं आहे का?

नाही. हातातोंडाची गाठ पडत नसतानाही आयुष्यात एकदाही दुसऱ्याच्या वस्तूला हात न लावणारी माणसंच वस्त्यावस्त्यांमध्ये बहुसंख्य असतात.

तुरुंग मात्र गरिबांनी भरलेले आहेत. ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यातली ४,३४,३०२ कच्चे कैदी होती, म्हणजे दर चारांतल्या तिघांवरचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता. सुमारे दोन-तृतीयांश कैदी निरक्षर किंवा दहावीच्या आत शिकलेले. हे आकडे कोण सापडतं आणि कोणाला सुटता येत नाही ते दाखवतात. गुन्हा कोण करतं याचा तो पुरावा नव्हे. या दोन गोष्टींची गल्लत झाली की पुढचं सगळंच चुकतं.

मग माणूस नेमका घसरतो कधी?

कायमच्या गरिबीत माणूस कसंबसं भागवायला शिकतो. त्याला उलथून टाकतो तो अचानक पडलेला खड्डा: दवाखान्याचं बिल, थकलेली मजुरी, उचलून नेलेली हातगाडी, कमावत्या माणसाला झालेली अटक. त्या आठवड्यात त्याला सरळ मार्गाने पैसा उभा करता आला, तर तो सावरतो. दाखला, कर्ज, परवाना, जामीन हे सरळ मार्ग असतात आणि नेमक्या याच चार ठिकाणी कोणीतरी हात पुढे करून बसलेला असतो. म्हणून ‘गरिबीमुळे गुन्हा’ की ‘भ्रष्टाचारामुळे गुन्हा’ हा वाद आम्हाला फोल वाटतो. माणूस मोडतो तो दोन्ही एकाच दिवशी त्याच्या दारात आल्यावर.

यात राजकारण कुठून आलं? लाच तर कारकून घेतो.

कारकून घेतो, पण बहुतेकदा एकट्यासाठी घेत नाही. मोक्याच्या जागेवरच्या बदलीला पैसे मोजावे लागले की ते वसूल करावे लागतात. बदली वरच्या मर्जीवर असते आणि वरच्याला निवडणुकीला पैसा लागतो. साखळीतला प्रत्येक जण खालच्याकडून घेतो. सगळ्यात खालचा माणूस कोणाकडूनच घेऊ शकत नाही, म्हणून शेवटचा बोजा त्याच्यावर पडतो.

भ्रष्टाचाराचे अभ्यासक रॉबर्ट क्लिटगार्ड यांनी १९८८ मध्ये भ्रष्टाचाराचं सूत्र मांडलं: मक्तेदारी अधिक मनमानी अधिकार, वजा उत्तरदायित्व. एखादा दाखला एकाच टेबलावर मिळत असेल, द्यायचा की नाही हे त्या टेबलावरच्या माणसाच्या मनावर असेल आणि उशीर झाला तरी त्याला कोणी विचारत नसेल, तर तिथे लाच जन्माला येणारच. खालच्या उत्तरांमधले जवळजवळ सगळे उपाय यातल्या तिसऱ्या भागावर, म्हणजे जाब विचारण्यावर, काम करतात. पहिले दोन बदलायला सरकार लागतं.

हप्त्याने माणूस गुन्हेगार कसा होतो? तो तर नुसता भाजी विकत असतो.

हिशेब मांडून पाहू. एक फेरीवाली दिवसाला ५०० रुपये मिळवते. तीन हातांना मिळून रोज १०० रुपये द्यावे लागले, तर महिन्याचे ३,००० झाले. पथविक्रेता कायदा, २०१४ प्रमाणे प्रमाणपत्राशिवाय विक्री करण्याचा दंड जास्तीत जास्त २,००० रुपये आहे. म्हणजे कायदा मोडल्याच्या पूर्ण दंडापेक्षा मोठी रक्कम ती दर महिन्याला भरते आणि हातात पावती नसते. पावती नाही म्हणून ती उद्याही ‘बेकायदा’च राहते. हप्ता टिकवायचा तर तिला प्रमाणपत्र मिळता कामा नये. प्रमाणपत्रं देण्याआधी करायचं विक्रेत्यांचं सर्वेक्षण वर्षानुवर्षं रखडतं, त्यामागचं हे एक कारण आहे.

पुढची पायरी अशी. ज्याला हप्ता जातो तो हळूहळू कामं सांगायला लागतो. ‘ही पिशवी संध्याकाळपर्यंत गाडीखाली ठेव.’ ‘तो माणूस कधी येतो तेवढं सांग.’ नाही म्हटलं की गाडी उचलली जाते. पिशवीत काय आहे हे तिने विचारलेलं नसतं, पण सापडते तिच्या गाडीखाली.

हातगाडी किंवा माल उचलून नेला. आता काय करायचं?

रस्त्यावर व्यवसाय करणं हा वाजवी निर्बंधांच्या अधीन असलेला मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या सोदान सिंग प्रकरणात मान्य केलं. २०१४ चा कायदा त्याहून तपशीलवार आहे.

सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं वाटली जाईपर्यंत विद्यमान विक्रेत्याला हटवता येत नाही (कलम ३). हलवायचं असेल तर ३० दिवसांची नोटीस लागते (कलम १८). माल जप्त केला तर जागेवरच यादी करून, सही केलेली प्रत विक्रेत्याला द्यावी लागते. मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि इतर माल कामकाजाच्या दोन दिवसांत परत करायचा असतो (कलम १९).

गाडी उचलली जात असताना फोटो काढा आणि यादी मागा. यादी देत नसतील तर स्वतः कागदावर माल, वजन, अंदाजे किंमत, वेळ आणि वाहनाचा क्रमांक लिहून त्याच दिवशी प्रभाग कार्यालयात द्या. आवक शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय तिथून हलू नका. बहुतेकांचं काम इथेच बिघडतं. गाडी सोडवायची घाई असते, कोणीतरी ‘दोन हजार दे, आत्ता सोडतो’ म्हणतो, पैसे जातात आणि जप्ती झाल्याचा कुठलाच कागद राहत नाही. नाशवंत माल असेल तर ती घाई समजण्यासारखी आहे. त्याला दोष देणार नाही. पण निदान फोटो आणि अर्ज तरी ठेवा, कारण पुढच्या सर्वेक्षणात तुम्ही तिथे विक्री करत होता याचा पुरावा म्हणून तोच कागद कामी येतो. नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असतात. तुमच्या शहरात ती आहे का आणि तिची शेवटची बैठक कधी झाली, हे माहिती अधिकारात विचारा.

नाइलाजाने लाच दिली. मीही गुन्हेगार ठरतो का?

ठरू शकता, आणि हे फार कमी लोकांना माहीत आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये दुरुस्ती झाली. आता कलम ८ प्रमाणे लाच देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याच कलमात दोन पळवाटा नव्हेत, तर हक्काच्या वाटा आहेत. जबरदस्तीने द्यावी लागली असेल, तर दिल्यापासून ७ दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं की तुमच्यावर गुन्हा होत नाही. आणि देण्याआधीच यंत्रणेला कळवून सापळ्यासाठी पैसे दिले, तरीही होत नाही.

आठव्या दिवशी तक्रार घेऊन गेलेल्या माणसाची परिस्थिती अवघड होते. सात दिवस ही मुदत शिधापत्रिकेसाठी लाच देणाऱ्या बाईलाही तीच आणि कंत्राटासाठी देणाऱ्या कंपनीलाही तीच, हे आम्हाला अन्यायाचं वाटतं. पण कायदा आज असा आहे, म्हणून दिवस मोजा.

सापळा कसा लावतात? त्यात काय चुकतं?

महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. तक्रार नोंदवल्यावर आधी पडताळणी होते. तुमच्याकडे ध्वनिमुद्रक देऊन, पंचासमक्ष, लाचेची मागणी खरंच होते का ते पाहतात. मागणी सिद्ध झाली की नोटांचे क्रमांक पंचनाम्यात लिहितात आणि नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पूड लावतात. समोरच्याने पैसे घेतले की तुम्ही ठरलेली खूण करायची. पथक येऊन त्याचे हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतं आणि पाणी गुलाबी होतं. सापळ्यात अडकलेली रक्कम तक्रारदाराला परत करण्याची सोय आहे. ती कधी मिळेल हे तक्रार देतानाच विचारून घ्या.

गुलाबी पाण्यावर खटला उभा राहत नाही. न्यायालय ‘मागणी’ बघतं. १५ डिसेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नीरज दत्ता प्रकरणात सांगितलं की मागणी आणि स्वीकार दोन्ही सिद्ध झाले पाहिजेत. तक्रारदार फितूर झाला किंवा वारला, तर ते परिस्थितिजन्य पुराव्यानेही सिद्ध करता येतात. म्हणून पडताळणीच्या वेळी तुम्ही आकडा सुचवू नका. ‘साहेब, किती द्यायचे?’ या तुमच्या प्रश्नापेक्षा ‘माझं काम का अडलंय?’ हा प्रश्न चांगला. आकडा त्याच्या तोंडून यायला हवा. आणि पैसे ‘बाहेर बसलेल्याकडे दे’ असं तो म्हणाला, तर ते वाक्य मुद्रित होणं फार मोलाचं असतं, कारण दलालालाही त्याच कायद्याखाली पकडता येतं.

दुसरी चूक म्हणजे सापळ्यापूर्वी शेजारीपाजारी सांगणं. बातमी फुटली की तो पैसे घेत नाही, काम मात्र अडकवून ठेवतो.

सापळा-बिपळा नको. दाखला हवाय फक्त.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ वापरा. अधिसूचित सेवेला ठरलेली मुदत असते. ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून किंवा सेवा केंद्रातून अर्ज केला की क्रमांक मिळतो. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला, तर ३० दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, मग राज्य सेवा हक्क आयोग. चुकार अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. दंड लहान आहे. परंतु तो सेवेच्या नोंदीत नको असतो, त्यामुळे पुष्कळदा पहिल्या अपिलाची पोच मिळताच फाईल हलते.

जोडीला माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही माफ. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा. ‘माझं काम का झालं नाही’ असं विचारू नका, ते उत्तर टाळता येतं. ‘अर्ज क्रमांक अमुक, तो कोणत्या तारखेला कोणत्या टेबलावर होता, त्या प्रत्येक कर्मचाऱ्याचं नाव व पदनाम आणि टिपणीची प्रत द्यावी’ असं विचारा.

या सगळ्याला गुन्ह्याशी जोडणारा धागा बारीक आहे, पण पक्का आहे. जातीचा दाखला नाही म्हणून शिष्यवृत्ती नाही, शिष्यवृत्ती नाही म्हणून शिक्षण सुटलं, आणि सोळाव्या वर्षी मुलगा नाक्यावर कामाची वाट बघत उभा. नाक्यावर काम देणारे सगळ्या प्रकारचे येतात.

सावकाराचं कर्ज आणि गुन्हा यांचा काय संबंध?

फार जवळचा. बाजारातल्या रोजच्या वसुलीचं कर्ज घ्या. कागदावर १०,००० रुपये, हातात ८,५०० आणि १०० दिवस रोज १०० रुपये. वरवर दीड हजारच व्याज दिसतं. पण मुद्दल रोज फिटत जातं, सरासरी निम्मीच रक्कम तुमच्याकडे वापरायला असते, म्हणजे वर्षाचा दर साधारण सव्वाशे टक्के पडतो. ‘दहा टक्के महिना’ म्हणजे वर्षाला १२०. परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर ९ आणि विनातारण कर्जावर १२ टक्के, इतरांकडून १५ आणि १८ टक्के वार्षिक व्याज घेता येतं.

चार हप्ते चुकले की वसुलीवाला घरी येतो आणि त्याच्याकडे पैशाऐवजी कामाचा पर्याय असतो: दुसऱ्याची वसुली कर, दारूची पोच कर, आपल्या माणसाची गाडी चालव. कर्जदार वसुलीवाला होतो तो असा.

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही, विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि सावकारीत गेलेली स्थावर मालमत्ता १५ वर्षांच्या आतली असेल तर परत मिळू शकते. तक्रार पोलिसांकडेच केली पाहिजे असं नाही. जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, यांच्या कार्यालयात लेखी द्या. वसुलीची वही, मोबाइलवरून पाठवलेल्या रकमांचा उतारा, धमकीचे संदेश जोडा. कोरे धनादेश किंवा कोरा मुद्रांक दिला असेल तर त्यांचे क्रमांक अर्जात आवर्जून लिहा, नाहीतर पुढे त्याच धनादेशावर तुमच्याविरुद्धच खटला उभा राहतो.

‘फक्त तुझं बँक खातं वापरायला दे’ असं कोणी म्हणालं तर?

देऊ नका. पासबुक, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड घेऊन दोन-चार हजार रुपये देणारा माणूस ऑनलाइन फसवणुकीचा पैसा तुमच्या खात्यातून पुढे सरकवत असतो. बळी पडलेली व्यक्ती १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार करते, पैशाचा माग काढला जातो आणि पहिलं नाव तुमचं येतं. तोवर ते सिम बंद झालेलं असतं.

खातं आधीच दिलं असेल, तर आजच बँकेत जाऊन लेखी अर्जाने व्यवहार थांबवा, पोच घ्या, १९३० वर स्वतः कळवा, आणि ज्याने खातं घेतलं त्याचा क्रमांक, संदेश, भेटीची जागा लिहून ठेवा. संदेश पुसू नका. भीतीपोटी पुसलेले संदेश हाच कित्येकदा तुमच्या बचावाचा एकमेव पुरावा असतो.

वाळूच्या ट्रॅक्टरवरच्या चालकाचंही हेच होतं. परवान्याशिवाय वाळू काढणं ही खनिज कायद्याबरोबरच चोरीही ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलं आहे. रात्रीच्या फेरीचे पैसे दिवसाच्या मजुरीपेक्षा जास्त मिळतात, आणि पकडला जातो तो गाडीवरचा माणूस. मालक कागदावर कुठेच नसतो. चालकाने निदान एवढं करावं: कामावर कोण बोलावतो, पैसे कोण देतो, याचे फोनवरचे पुरावे जपावेत.

शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम ११२ मध्ये ‘किरकोळ संघटित गुन्हा’ हा नवा प्रकार आला आहे. टोळीत राहून केलेली पाकीटमारी, तिकिटांची बेकायदा विक्री, सट्टा, प्रश्नपत्रिका विकणं यांसारख्या गुन्ह्यांना एक ते सात वर्षं शिक्षा. सट्ट्याच्या चिठ्ठ्या गोळा करणारं पोरही यात येऊ शकतं.

सगळ्यात खालचाच माणूस का सापडतो?

कारण त्याच्या नावावर हप्ता जात नाही. धंदा चालू ठेवायचा तर यंत्रणेला अधूनमधून कारवाई दाखवावी लागते आणि धंदेवाल्याला ती स्वस्तात हवी असते. दोघांच्या सोयीचा आरोपी म्हणजे ज्याच्यामागे वकील नाही, घर भाड्याचं आहे आणि ज्याला तीनशे रुपये रोजावर बदलता येतं. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूने १०० हून अधिक माणसं मेली. मेलेले बहुतेक सगळे कष्टकरी होते. स्वस्त दारू विकणारा आणि पिणारा एकाच गल्लीतला असतो. तिच्यात मिसळलेलं मिथेनॉल मात्र गल्लीत बनत नाही.

हे पूर्वीपासून असंच आहे का?

मुंबईचा इतिहास पाहिला तर हो, आणि नाहीही. १९४९ चा दारूबंदी कायदा आणि १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा यांनी दोन मोठे चोरटे बाजार उभे केले. सोन्याचा कायदा १९९० मध्ये रद्द झाला. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि त्यातले बहुतेक परत कधी कामावर गेलेच नाहीत. गिरणगावातल्या टोळ्यांना पोरं मिळाली ती त्या घरांतून. तरीही त्या अडीच लाख घरांपैकी फार थोडी मुलं टोळ्यांत गेली, बाकीच्यांनी भाजी विकली, रिक्षा चालवल्या, हे विसरून चालणार नाही.

१९९३ च्या सुरुवातीला मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटकं आणि शस्त्रं रायगडच्या किनाऱ्यावर उतरली. पोलीस आणि सीमाशुल्क खात्यातल्या काहींनी पैसे घेऊन ती जाऊ दिली आणि पुढे टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या विशेष न्यायालयाने त्यांनाही शिक्षा केली. त्याच वर्षी नेमलेल्या व्होरा समितीने गुन्हेगार, राजकारणी आणि अधिकारी यांच्या साटेलोट्याची नोंद केली. तस्करीसाठी रुळलेली लाचेची वाट बॉम्बसाठीही उघडीच राहिली.

अटक झाली. पहिल्या २४ तासांत घरच्यांनी काय करावं?

आधी अटक खरंच झाली आहे की नुसतं ‘चौकशीला बसवलंय’ ते विचारा. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नसते. हजर राहण्याची नोटीस देता येते (नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३५(३); पुढची कलमंही याच संहितेची). अटक असेल तर कारणं लेखी मागा. नातेवाइकाला कळवणं (कलम ४८), वैद्यकीय तपासणी (कलम ५३) आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणं (कलम ५८) बंधनकारक आहे. अंगावर मार असेल तर डॉक्टरला दाखवा आणि दंडाधिकाऱ्यालाही तोंडाने सांगा. पोलिसांपुढच्या जबाबावर सही करावी लागत नाही (कलम १८१), कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही.

वकील फुकट मिळतो. कोठडीतल्या कोणाही माणसाला, महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न पाहता, आणि इतरांना महाराष्ट्रात वार्षिक ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असेल तर. विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० या क्रमांकावर फोन करा किंवा जिल्हा न्यायालयातल्या लोक अभिरक्षक कार्यालयात जा. ठाण्याबाहेर ‘कलम कमी करून देतो’ म्हणणाऱ्याला दिलेले पैसे बुडाले समजा, वर ती लाच आहे.

जामीन मंजूर झालाय, तरी माणूस आतच आहे. असं कसं?

जामीनदार नसतो म्हणून. आदेशात ‘१५,००० रुपयांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार’ असं असतं. जामीनदाराला घरपट्टीची पावती, सातबारा किंवा ऐपतीचा दाखला लागतो. झोपडीत राहणाऱ्याच्या ओळखीत असा माणूस नसतो, आणि ऐपतीच्या दाखल्यासाठी पुन्हा तेच टेबल, तोच हात. यातून न्यायालयाबाहेर भाड्याचे जामीनदार मिळतात. त्यांची कागदपत्रं बनावट निघाली तर आरोपीवर फसवणुकीचा नवा गुन्हा येतो. ज्याने काहीच केलं नव्हतं, तो इथे खराखुरा गुन्हा करून बसतो.

१९७८ मध्ये मोतीराम प्रकरणात एका गवंड्याकडे १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला गेला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला गेला. सर्वोच्च न्यायालयाने हे दोन्ही चूक ठरवलं. इतक्या वर्षांनीही हा निकाल खालच्या न्यायालयांत दाखवावा लागतो.

वाटा अशा आहेत. जामीनपात्र गुन्ह्यात एका आठवड्यात जामीनदार मिळाला नाही, तर माणूस निर्धन आहे असं गृहीत धरून वैयक्तिक बंधपत्रावर सोडायचं असतं (कलम ४७८). इतर गुन्ह्यांत रक्कम कमी करा, किंवा जामीनदाराऐवजी रोख भरू द्या (कलम ४९०), असा अर्ज करा. सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशांप्रमाणे आदेशानंतर ७ दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं आहे, आणि महिन्याभरात बंधपत्र भरलं गेलं नाही तर न्यायालय स्वतःहून अट शिथिल करू शकतं. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने अनेक गुन्ह्यांसाठी तेच जामीनदार चालतील, असाही निकाल दिला. केंद्राच्या २०२३ च्या गरीब कैदी साहाय्य योजनेत कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी सुरुवातीला ४०,००० रुपयांपर्यंत तरतूद ठेवली होती. अर्ज विधी सेवा प्राधिकरणामार्फत करा.

तारखा मात्र तुम्हीच मोजा. आरोपपत्र ६० दिवसांत (मृत्युदंड, जन्मठेप किंवा किमान दहा वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यात ९०) आलं नाही, तर जामीन हक्काचा आहे. पण तो मागावा लागतो, तोही आरोपपत्र येण्याआधी. आणि पहिलाच गुन्हा असेल तर कमाल शिक्षेचा एक-तृतीयांश काळ कोठडीत गेल्यावर सुटकेचा हक्क येतो (कलम ४७९). जन्मठेप वा फाशीच्या गुन्ह्यांना आणि एकाहून जास्त प्रकरणं चालू असलेल्यांना हे लागू नाही.

आमच्या भागातले भाऊ जामीन करून देतात. घ्यायची का मदत?

ज्याचा मुलगा आत आहे त्याला ‘घेऊ नका’ म्हणणं सोपं नाही. पण त्या मदतीची परतफेड काय असते, ते आधी माहीत असू द्या. मोर्चाला गाडीभर माणसं, निवडणुकीच्या रात्री पाकिटं वाटणं, कधी दुसऱ्याच्या फलकावर दगड. दगड मारताना पकडला गेला की दंगलीचा गुन्हा लागतो आणि पुन्हा भाऊंचाच जामीन. दोन-तीन गुन्हे जमले की तडीपारीची नोटीस येते, आणि ती मागे घ्यायलाही भाऊच लागतात. विधी सेवेचा वकील संथ वाटेल, पण तो नंतर काही मागत नाही.

विमुक्त, पारधी समाजाला हे जास्त का भोगावं लागतं?

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या समाजांना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. तो ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, पण सराईत गुन्हेगारांच्या कायद्यांतून ती नजर शिल्लक राहिली. परिसरात चोरी झाली की पालावर पहिली गाडी येते. स्थिर पत्ता नाही म्हणून शिधापत्रिका नाही, जातीचा जुना पुरावा नाही म्हणून दाखला नाही, आणि हे दोन्ही नाही म्हणून जामीनदारही नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये तुरुंगातल्या जातीय कामवाटपाला घटनाबाह्य ठरवताना या शिक्क्यावरही बोट ठेवलं.

शिक्षा कडक केल्या तर हे थांबणार नाही का?

हप्ता चालू असताना शिक्षा वाढवली, तर हप्ता वाढतो, एवढंच. सापडण्याची खात्री हीच माणसाला थांबवते आणि लाच नेमकी तीच विकते. किरकोळ चोरीला कायद्याने थोडं शहाणपण दाखवलं आहे: ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची वस्तू, पहिलीच वेळ आणि वस्तू परत केली, तर शिक्षा समाजसेवेची (न्याय संहिता, कलम ३०३). हे वकिलाने न्यायालयात मांडायला हवं, आपोआप होत नाही.

शिक्षेऐवजी आधार दिला तर काय होतं, तेही तपासून पाहिलेलं आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाची राजधानी मनरोव्हियात चोरी-मारामारीत गुंतलेल्या ९९९ तरुणांवर प्रयोग झाला. ज्यांना आठ आठवडे समुपदेशन आणि सोबत २०० डॉलर रोख मिळाले, त्यांच्यातले गुन्हे दहा वर्षांनंतरही सुमारे निम्मे होते. नुसत्या पैशाचा परिणाम टिकला नाही.

वस्तीतल्या मंडळाला किंवा बचत गटाला यात काय करता येईल?

दोन वह्या आणि एक पेटी. पहिल्या वहीत जामीनदार व्हायला तयार असलेल्या दहा घरांची नावं ठेवा आणि त्यांची घरपट्टी किंवा सातबारा, ओळखपत्र, शिधापत्रिका यांच्या प्रती आधीच काढून ठेवा. जामीनदाराला आपण याआधी किती जणांचे जामीन राहिलो ते न्यायालयाला सांगावं लागतं (नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४८६), म्हणून एकाच माणसावर भार टाकू नका. दुसऱ्या वहीत वस्तीतले प्रलंबित दाखले लिहा: अर्ज क्रमांक, तारीख, मुदत कधी संपते. महिन्याच्या बैठकीत मुदत उलटलेले अर्ज वाचून त्याच बसणीत अपील लिहा. एकट्याने केलेलं अपील दडपलं जातं, पंधरा अपिलं एका दिवशी गेली की आवक कारकूनही मान वर करून बघतो.

पेटीत आणीबाणीचा पैसा. २० घरांनी महिन्याला १०० रुपये टाकले तर वर्षाला २४,००० होतात. एका अटकेच्या आठवड्यात घरात धान्य भरायला, न्यायालयाच्या खेपा घालायला आणि सावकाराच्या दाराशी न जायला ते पुरतात. पेटीच्या किल्ल्या दोघींकडे ठेवा आणि निवडणुकीला उभं राहणाऱ्या कोणाकडूनही तिच्यात एक रुपया घेऊ नका.